मूळ आकार

आमच्या ओकाया गावात आधी रेशीम होतं, मग काच आली. माझी आई रेशमाच्या गिरणीत कोशांचे धागे काढायची आणि माझा नवरा कारखान्यात कॅमेऱ्याची भिंगं घासायचा. दोन्ही कामांना सुवा तलावाचं पाणी लागायचं आणि दोन्ही कामं माणसाचे डोळे खायची. आईला म्हातारपणी सुईत दोरा ओवता येईना. यांचं जरा निराळं झालं. जन्मभर एक डोळा मिटून दुसऱ्यानं भिंगावरचे ओरखडे शोधायचे, त्यामुळे यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक झाला. लग्नात तसा नव्हता. माझ्या देखत, वर्षागणिक बारीक होत गेला. अनोळखी माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय. एकदा बसमध्ये एका बाईनं यांना चांगलंच झापलं होतं. घरी येईपर्यंत मी हसत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते.

हे निवृत्त झाले ते साल दोन हजार. बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून यांना डिजिटल कॅमेरा दिला. घरी आल्यावर यांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. कॅमेरा खिडकीशी नेला, तिरका धरला, भिंगावर श्वास सोडला आणि तो विरताना पाहत राहिले.

"भिंग चांगलं आहे," म्हणाले.

यांच्या लेखी तिथे विषय संपला. भिंग चांगलं तर फोटो चांगला, बाकी सगळा नुसता डबा. त्या डब्यात नखाएवढं एक कार्ड होतं. मोठ्या आकाराचे फोटो काढले तर त्यात मोजकेच मावायचे, सगळ्यात लहान आकाराचे काढले तर रग्गड. आम्ही फिल्मच्या काळातली माणसं. नववर्षाला घातलेला रोल वसंतात चेरी फुलेपर्यंत पुरवायचो, आणि एखाद्या फोटोत कुणी डोळे मिटले तर त्याला घरभर बोलणी बसायची. यांनी सगळ्यात लहान आकार निवडला आणि मोकळे झाले.

"अहो, लहान निवडला तर फोटो लहान येणार नाहीत का?" मी विचारलं.

"अगं, फोटो भिंग काढतं. कार्ड काढतं का?"

भिंगाबद्दल यांच्याशी वाद घालणारा माणूस उभ्या ओकायात नव्हता.

आमच्या चिगुसानं, मुलीनं, तिचा जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला होता. पाठीमागे पोट सुटलेला, जाड स्क्रीनचा. माझ्या शिवणाच्या टेबलावर तो बसला तो बसलाच. यांचे फोटो त्यावर लावले की काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मावायचे. वाळत घातलेल्या पर्सिमॉन फळांच्या माळा, वाळताना त्यांच्यावर धरलेली पांढरी साखर, सगळं लख्ख. हे खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "बघ. आणखी काय पाहिजे?" मलाही आणखी काही नको होतं.

दहा वर्षं यांनी फोटो काढले आणि बहुतेक सगळे माझे. मी छत्री उघडतेय, मी सोबा खातेय आणि निम्म्या शेवया तोंडाबाहेर आहेत, मी देवळाच्या पायऱ्यांवर दम खातेय. हे कायम कॅमेऱ्याच्या मागे. "तुम्ही उभे राहा ना," म्हटलं की म्हणायचे, "तुझा हात हलतो."

एकदाच उभे राहिले, तेही उभे नव्हते. नोव्हेंबरात आमच्याकडे सगळ्या घरांत हिरव्या पाल्याचं लोणचं पडतं. त्याआधी पाला धुवायचा, आणि तो धुवायला तलावाकाठी गरम झऱ्याच्या पाण्याचा सार्वजनिक हौद आहे. ते बायकांचं राज्य. त्या वर्षी माझी कंबर धरली होती, म्हणून हे गेले. बायकांनी आडनावानं हाका मारून यांची मनसोक्त टर उडवली. "हामासान, पानावरचे ओरखडे शोधताय का?" मी काठावर कॅमेरा घेऊन बसले होते.

"मागे तलाव येऊ दे," हे ओरडले. मी मागे सरले. "आणखी मागे. बटण आधी अर्धं दाब, थांब, मग पूर्ण." मी मागे मागे जात राहिले, अर्धं दाबलं, थांबले, आणि म्हटलं, "अहो!" यांनी कोपरापर्यंत भिजलेले हात पाण्यात ठेवूनच वर पाहिलं. एवढाच एक फोटो.

हे फेब्रुवारीत गेले. तलाव गोठलेला होता. सकाळी मिसोचं सूप पिताना वाटी खाली ठेवली, "जरा पडतो," म्हणाले आणि पडले ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे फोटोशिवाय माणसाला निरोप देता येत नाही. फुलांच्या मधोमध, काळ्या फितीच्या चौकटीत, दारातून आत येणाऱ्याला दिसेल एवढा चेहरा लागतो. नंतर तोच फोटो घरच्या देव्हाऱ्याशेजारी राहतो, कायमचा. त्यामुळे अंत्यविधीचं काम पाहणारे मोमोसेसान घरी आले, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पहिली गोष्ट विचारली ती हीच. "साहेबांचा चांगलासा फोटो?"

चिगुसा आणि मी शोधायला बसलो. मी, मी, पर्सिमॉन, मी. कपाटातून कारखान्याचा जुना पास निघाला. त्यात हे तिशीतले, केसांना तेल थापलेले. आमच्या वन्सं, यांच्या थोरल्या बहीण फुसाए, शेजारच्या गावाहून आल्या होत्या. त्यांनी पास हातात घेतला आणि टेबलावर आपटला. "तिसाव्या वर्षी मेला नाहीये तो. लोक हसतील."

शेवटी हौदावरचा फोटो निघाला. मोमोसेसाननी तो आपल्या लॅपटॉपवर घेतला आणि मोठा करायला लागले. आधी हे होते. मग यांची ठिगळं झाली. मग नुसते चौकोन राहिले, मिसोच्या तपकिरी रंगाचे, राखाडी, एखादा गुलाबी.

"डोळा कुठाय?" मी विचारलं.

"हे बघा बाई. हे तीन चौकोन."

"आणि डावा?"

ते वाकून पाहत राहिले. "डाव्याला एकच आलाय. किंवा ती भुवई असेल." मग हलक्या आवाजात म्हणाले, "फोटोत रिझोल्यूशनच नाही. मोठा आकार निवडून काढला असता तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. सभ्य माणूस. "तुम्ही काळजी करू नका. आमच्याकडे चेहरा दुरुस्त करणारे लोक आहेत."

दुसऱ्या दिवशी दुरुस्त चेहरा आला. खाली कुळाचं चिन्ह असलेला काळा किमोनो, जो यांनी जन्मात घातला नव्हता. मागे निळसर आभाळ. गाल सोललेल्या अंड्यासारखे. आणि दोन डोळे, अगदी एका मापाचे, समोर पाहणारे. जे चौकोनांत नव्हतं ते कुणीतरी आपल्या मनानं भरलं होतं, जसं अनोळखी माणसाचं करावं तसं, नीटनेटकं.

"किती शांत दिसतात," लोक म्हणाले. वन्सं तर फोटोसमोर बसून रडल्या. "साहेब दिसतोय गं माझा भाऊ, साहेब!" चिगुसानं माझा हात दाबला. मी कुणाकुणाला सांगणार, की हे ते नव्हेत?

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवल्या. चिगुसा नागोयाला तिच्या घरी गेली. उरलो मी आणि तो किमोनोतला गृहस्थ.

सकाळी पहिला भात आणि पहिला चहा देव्हाऱ्यात ठेवायचा असतो. मी ठेवायची. ठेवताना वर पाहायची नाही. त्या खोलीत जाण्याआधी मी केस विंचरायला लागले. यांच्यासाठी मी कधी सकाळी केस विंचरले नव्हते. हे म्हणायचे, तुझं डोकं म्हणजे भाताची पेंढी. आणि आता एका परक्या पुरुषासाठी नीटनेटकी होऊन मी चहा नेत होते. यांच्याशी दिवसभर बडबडायची मला सवय. नळ गळतोय, शेजारणीची सून पुन्हा माहेरी गेली, तुमचा मोजा एकच सापडतोय. त्या फोटोपुढे तोंडच उघडेना. पाहुण्याला काय सांगायचं नळाचं? दोन दोन दिवस मी कुणाशी बोलायची नाही. मग एखाद्या दुपारी भाजीवालीशी बोलताना माझा आवाज घोगरा निघायचा, आणि तिला वाटायचं मला सर्दी झालीय.

मेमध्ये चिगुसा आली ती नवा कॉम्प्युटर घेऊन. पातळ, रुंद स्क्रीन, शिवणाच्या टेबलावर मावेना. जुन्यातले फोटो तिनं नव्यात भरले आणि जुना भंगारात नेला. ती गेली त्या संध्याकाळी मी फोटो उघडले. सगळे फोटो विटले होते. पर्सिमॉनच्या माळा म्हणजे धुक्यातले डाग. माझं तोंड पाण्यात बुडाल्यासारखं. मी फोन लावला.

"चिगुसा, फोटो आंबले गं. नेताना काहीतरी झालं."

"आई, फोटो काय लोणचं आहेत का आंबायला?"

"मग? सगळं पुसट झालंय. कालपर्यंत लख्ख होतं."

"फोटो तेच आहेत. स्क्रीन मोठा झालाय. बाबांनी सगळ्यात लहान आकारात काढलेत ना, ते या स्क्रीनभर ताणले जातायत. सोब्याचं थोडं पीठ मोठ्या पाटाला पुरवायला लाटत सुटावं आणि ते फाटावं, तसं."

"म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर चांगले होते ते खोटं?"

"खोटं नाही गं. तो स्क्रीनच तेवढा होता." मागे तिच्या नवऱ्यानं जेवायला हाक मारलेली मला ऐकू आली. "वर 'मूळ आकार' लिहिलंय बघ. ते दाब. ताणायचे थांबतील. पण लहान दिसतील हं. मी उद्या करते फोन."

मी दाबलं. मोठ्या काळ्या स्क्रीनच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं चित्र राहिलं. बाकी सगळा काळोख. पण त्या पोस्टकार्डात पर्सिमॉनवरची साखर परत आली होती.

मग मी हौदाचा फोटो उघडला. गरम पाण्याची वाफ, हिरव्या पाल्याचे भारे, मागे तलावाची एक रेघ, आणि वाफेच्या अलीकडे हे. करंगळीच्या नखाएवढा चेहरा. त्यात ना नाक, ना ओठ. पण मान अशी तिरकी, एक खांदा वर, आणि डाव्या बाजूला डोळा बारीक केल्याची ती सावली. चेहऱ्याच्या त्या एका ठिपक्यात माझा नवरा "झालं का तुझं?" म्हणत होता. मी स्क्रीनपासून जराशी दूर सरले तरी तोच. जवळ गेले तर चौकोन. वीतभर अंतरावर मात्र अगदी नीट, सगळा.

त्या दिवशी मी यांना नळाचं सांगितलं.

पण मग नवीच काळजी लागली. ऑगस्टात बोन. गेलेली माणसं त्या दिवसांत घरी येतात, आणि यांचं हे पहिलंच बोन. दारात भूर्जाची साल जाळायची, म्हणजे धूर पाहून त्यांना आपलं घर सापडतं. हे मी लहानपणापासून करत आलेय, आणि त्यात काय खरं काय खोटं असं कधी मनात आलेलं नाही. हे येतील, आत वळतील, आणि देव्हाऱ्याशेजारी कोण? सुळसुळीत गालांचा कुणी परका, यांच्या वाटचा भात खात बसलेला. यांचा स्वभाव मला ठाऊक. भांडले नसते. "घर चुकलं वाटतं, माफ करा," म्हणून चपला घालून निघून गेले असते.

तेव्हा तो फोटो तिथून हलवायचा. पण वन्सं बोनला येणार, नातलग येणार, आणि पहिल्या बोनला देव्हाऱ्याशेजारी मोठा फोटो नाही असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. मी आठवडाभर मनाशी घोळवत राहिले. मग कार्ड पिशवीत घालून स्टेशनजवळच्या फोटोच्या दुकानात गेले. दुकानाची मालकीण ओगुचीबाई. तिनं फोटो पाहिला.

"मोठा करायचाय?"

"नाही. एवढाच. स्क्रीनवर आहे तेवढाच."

"आजी, या मापाच्या फोटोला आमच्याकडे फ्रेमसुद्धा मिळायची नाही. थोडा तरी वाढवते. दुरून काय दिसणार?"

"दुरून कुणाला दाखवायचाय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि छापला. फ्रेम खरंच मिळाली नाही. बाळांच्या पायाच्या ठशांसाठी एक लाकडी चौकट होती, तिच्यात बसवून दिला.

तेरा ऑगस्टच्या सकाळी मी किमोनोतल्या गृहस्थाला उतरवलं, आधी माफी मागितली, आणि कपड्यात गुंडाळून पलीकडच्या खोलीत ठेवलं. त्या जागी ती छोटी चौकट. मोठ्या फोटोनं भिंतीवर फिकट चौकोन सोडला होता. त्यापुढे ती फारच बारकी दिसत होती. केलं खरं, पण वन्सं?

वन्सं दुपारी आल्या. हातात पहिल्या बोनचा पांढरा कंदील, कपाळावर घाम, तोंडानं रस्त्याला शिव्या. उदबत्ती लावायला देव्हाऱ्यापुढे बसल्या आणि हात तसाच राहिला.

"हे काय? पोस्टाचं तिकीट चिकटवलंयस? मासुओ काय पोस्टानं येणार आहे का?"

"वन्सं, तो फोटो यांचा नव्हता."

"नव्हता म्हणजे? सगळं गाव म्हणालं तो मासुओ आहे."

"गावानं यांना रोज सकाळी पाहिलंय का?"

"तोंड बरंच सुटलंय तुझं." त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या, सांधे कुरकुरले. नाक चौकटीला लागेल एवढ्या वाकल्या. "कुठाय तो?"

"हा काय. वाफेच्या अलीकडे."

"मला भाजी दिसतेय."

"भाजीच्या वर. मान तिरकी केलीय बघा. डोळा बारीक—"

"तोमोए, मला भाजीच दिसतेय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "खरंच तुला दिसतो?"

"दिसतात."

त्या मागे सरल्या. मी चहा आणला. त्यांनी तो घेतला नाही.

"मोठा कुठे ठेवलास? टाकला नाहीस ना?"

"पलीकडे आहे. का?"

"तुला सांगितलं नाही कधी." त्या कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. "आमचे बाबा लढाईवर गेले ते गेलेच, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मासुओ चार. बाबांचा एक फोटो होता घरात, तो आईच्या चितेत गेला, तिनंच सांगून ठेवलं होतं. लोक म्हणायचे मासुओ बापावर गेलाय. मी किती पाहायची त्याच्याकडे. तो बाबांच्या वयाला आला तोवर डोळा बारीक व्हायला लागला होता, त्या मेल्या डोळ्यामुळे मला कधी बाबा दिसलेच नाहीत. आणि त्या दिवशी फुलांत…" त्यांनी बोट कपावरून उचललं. "तिथे बाबा होते गं. किमोनोसकट."

एवढे दिवस मी ज्याला परका म्हणत होते त्याच्यासाठी ही बाई फुलांसमोर बसून रडली होती, आणि मला वाटलं होतं भावाला रडतेय.

मी उठले, पलीकडून तो फोटो आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "घेऊन जा तुम्ही. तुमच्या देव्हाऱ्यात राहू देत."

"तुझे चुलत सासरे येतील आता. विचारतील, फोटो कुठाय?"

"हा आहे ना."

"त्यांनाही भाजीच दिसणार आहे."

"दिसू दे."

वन्संनी कापडाच्या गाठी घट्ट केल्या, एकदा ओढून पाहिल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "चुलत सासरे काही बोलले तर माझं नाव सांग. म्हणावं फुसाएनं चोरला." आणि मोठा गठ्ठा छातीशी धरून उतारावरून हळूहळू उतरत गेल्या. मी वळणापर्यंत पाहत राहिले.

चिगुसा दुसऱ्या दिवशी येणार होती. पहिला दिवस तिच्या सासरचा. चुलत सासरे आले, चौकटीकडे पाहून खाकरले, तिथल्या भिंतीला नमस्कार करून गेले. मग कुणी आलं नाही. ऊन उतरल्यावर मी दारात बशी ठेवली, भूर्जाची साल रचली आणि काडी लावली. साल चटचट जळते, धूर काळा येतो. शेजारच्या दारात पोरं, सुना, म्हातारे सगळे वाकून बसले होते, कुणाच्या तरी धुरानं कुणाचे तरी डोळे चुरचुरत होते, हसणं चाललं होतं. माझ्या बशीपुढे मी. मी यांचं नाव घेतलं नाही, आमच्यात बायका घेत नसत. म्हटलं, "अहो. इकडे."

आग विझल्यावर आत आले. दार नेहमी लावते ते लावलं नाही. केस विंचरले नाहीत. जेवण दोघांचं वाढलं आणि देव्हाऱ्यापुढे बसले. पण माझ्या रोजच्या जागेवरून त्या चौकटीत काहीच दिसेना, मलासुद्धा. नुसती हिरवट भाजी.

मग मी उठले, बसायची गादी हातभर पुढे ओढली, आणि यांच्या अगदी समोर जाऊन बसले.